बेंजोचा चार्ट

जान्हवी केळुसकर कुठलंही गाणं ऐकताना सगळ्यात आधी ड्रम ऐकायची. शब्द, चाल, गाणाऱ्याचा गळा हे सगळं तिच्या कानात मागाहून शिरायचं. बसमध्ये शेजारच्याच्या मोबाइलवर काही वाजायला लागलं की हिची बोटं मांडीवर आणि टाच जमिनीवर सुरू. घाटकोपरच्या ज्या स्कॅन सेंटरमध्ये ती एमआरआयचं मशीन चालवायची, तिथले पेशंट आजारापेक्षा त्या मशीनच्या ठोठावण्यालाच जास्त घाबरत. त्यांना आत सरकवण्याआधी ती सांगायची, "आवाज मोठा आहे, पण बेशिस्त नाहीये. चार-चार मोजत राहा. मोजायला लागलं की घाबरायला सवड मिळत नाही." लोक हसायचे. बाहेर आल्यावर मात्र त्यातले बरेच जण कबूल करायचे की मोजलं.

हा नाद तिला कॉलेजात असताना लागला. मुलुंडच्या एका मॉलमध्ये गेम पार्लर होतं आणि त्यात एका कोपऱ्यात प्लास्टिकचा ड्रम सेट. समोरच्या पडद्यावर रस्त्यासारखी पट्टी सरकत खाली यायची आणि तिच्यावरून रंगीत ठोकळे घरंगळत यायचे. लाल ठोकळा आला की लाल पॅडवर काठी मारायची, पिवळा आला की पिवळ्यावर, तसंच निळ्याचं नि हिरव्याचं. आडवी नारिंगी पट्टी आली की पायाने पेडल दाबायचं. वेळेवर मारलं तर गाणं वाजत राहतं, चुकलं तर ड्रमचा आवाज गायब. मैत्रिणी दोन गाणी खेळून पिझ्झा खायला गेल्या. जान्हवी तिथेच उभी राहिली.

नोकरी लागल्यावर तिने कुणीतरी वापरलेला इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट घरी आणला आणि कॉम्प्युटरला जोडला. घर म्हणजे घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी झालेल्या नव्या बिल्डिंगमधला छोटा फ्लॅट. आई वनमाला आणि ती, दोघीच. पहिल्याच संध्याकाळी खालच्या मालनकाकू वर आल्या आणि विचारलं, "मसाला कुटताय का गं?" जान्हवीने पेडलखाली जुनी गादी कापून घातली, वर रबराचा तुकडा ठेवला आणि काकूंना खेळायला बसवलं. काकूंना एकही ठोकळा मारता आला नाही, पण तक्रार संपली.

खेळात एकच गोष्ट तिला खुपायची. गाणी सगळी साता समुद्रापलीकडची. मग तिला शोध लागला की जगभरातले खेळणारे आपल्याला हवी ती गाणी स्वतःच या खेळात बसवतात. गाणं घ्यायचं, त्याची लय मोजून पट्टीवर रेघा आखायच्या आणि ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या जागी त्या-त्या रंगाचा ठोकळा ठेवायचा. याला म्हणतात चार्ट करणं. वाजवणाऱ्याने केव्हा काय वाजवलं ते आधी आपल्याला नीट ऐकू यायला हवं, तरच ते दुसऱ्याच्या हातात देता येतं. जान्हवीला वाटलं, हे काम आपल्यासाठीच ठेवलं होतं कुणीतरी.

तिच्या पहिल्या चार्टमध्ये तिने हौसेने जास्तीचे ठोकळे भरले. खेळताना मजा यावी म्हणून. दुसऱ्याच दिवशी फिनलंडमधल्या कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला : हे ठोके गाण्यात नाहीत, तू कुठून आणलेस? जान्हवीने गाणं पुन्हा लावलं, कान देऊन ऐकलं. खरंच नव्हते. तिने चार्ट काढून टाकला, पहिल्यापासून पुन्हा केला, आणि तेव्हापासून एक नियम पाळला. ऐकू येतं तेवढंच ठेवायचं. एक ठोका जास्त नाही, एक कमी नाही. चार-पाच वर्षांत तिचं नाव झालं. खेळात ती 'केळू' या नावाने होती. हे आडनावाचं टोक आहे हे बाहेरच्या कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. केळूचा चार्ट डोळे झाकून घ्यावा, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

एका रविवारी तिला मालाडहून ॲश्टनचा फोन आला. ॲश्टन खारोडी गावठाणात राहायचा, जाहिरातींच्या आवाजाचं काम करायचा आणि तिच्यासारखाच चार्ट करायचा. दोघांची ओळख खेळातली, पण मराठी मुंबईचं असल्यामुळे पहिल्या दिवसापासून अरे-तुरे.

"मुंबईच्या गाण्यांचा एक संच करतोय," ॲश्टन म्हणाला. "सगळं इथलंच. तुझ्याकडून एक पाहिजे. पण असं, की बाहेर कुणी ऐकलंच नसेल."

"बेंजो," जान्हवी म्हणाली.

"बेंजो म्हणजे? हळदीत वाजतो तो?"

"तोच. माझ्या मामाचा ग्रुप आहे. त्याने स्वतः बसवलेली चाल आहे, त्यामुळे परवानगीचाही प्रश्न नाही."

"अगं ए, पण त्यात वाजवणारे बघ किती! पॅडवाला, ताशेवाला, ढोलवाला, झांजवाला. आणि खेळणाऱ्याला हात दोन, पाय एक. बसवणार कसं?"

"ते माझ्यावर सोड."

"वाट लागेल यार."

"लागली तर माझी लागेल ना? तू जागा ठेव."

कसं बसवायचं हे तिला त्या घटकेला अजिबात माहीत नव्हतं. पण बसणार हे माहीत होतं. ड्रमच्या बाबतीत ती अशीच होती. एरवी भाजीवाल्याकडे मेथी घ्यावी की पालक यावर दहा मिनिटं घालवणारी बाई, पण काठ्या हातात आल्या की निर्णय आधी व्हायचा आणि विचार नंतर.

मामाचं नाव काशीराम. दिवसा शाळेची व्हॅन चालवायचा आणि लग्नसराईत, गणपतीत बेंजो वाजवायचा. तरुणपणी तो असल्फ्याच्या डोंगरावर राहायचा, तिथून खाली यायला उभ्या पायऱ्या. सगळं सामान डोक्या-खांद्यावर घेऊन ग्रुप त्या पायऱ्या उतरायचा तेव्हा पाय आपोआप भरभर पडायला लागायचे. त्यावरूनच त्याला ती चाल सुचली. आधी संथ, मग हळूहळू घाई, शेवटी उडी मारल्यासारखी एकदम पळायला लागणारी. ग्रुपमध्ये तिला पायरीची चाल म्हणत.

"गेमात?" जान्हवीने सांगितलं तेव्हा काशीमामा म्हणाला. "माझो बेंजो गेमात? आणि तो खेळतलो कोण?"

"अख्खी दुनिया खेळेल, मामा."

"मगे ये गो बाये. आयतवारी सगळे असतत."

तर रविवारी जान्हवी गणपती मंडळाच्या शेडमध्ये, जिथे ग्रुपचा सराव चालायचा, तिथे जाऊन बसली. काशीमामा बेंजोवर, म्हणजे बटणं दाबून वाजवायच्या तारांच्या लांबट पेटीवर. भाऊ नावाचे साठीतले गृहस्थ ताशावर, ते ग्रुपमध्ये सगळ्यात जुने. ढोल आणि झांजांवर दोघे जुळे भाऊ, ज्यांना कधी बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. आणि पॅडवर नितेश. नितेश हा ग्रुपचा हिरो. केसांना सोनेरी रंग, काठ्या बोटांत फिरवायची सवय. स्टँडवर इलेक्ट्रॉनिक पॅड, त्याच्या बाजूला दोन छोटे ड्रम आणि एक थाळी, असा त्याचा संसार.

जान्हवीने एक माइक मधोमध ठेवून चाल रेकॉर्ड केली. घरी जाऊन ऐकली तर नुसता काला. बेंजो सगळ्यांच्या छातीवर बसलेला, ताशा तर ताशा वाटतच नव्हता, पाऊस पडतोय असं वाटत होतं. वाद्यं वेगळी काढून देणारं सॉफ्टवेअर तिच्याकडे होतं. त्याने ताशाला खरखर समजून पुसूनच टाकलं.

पुढच्या रविवारी तिने दुसरा मार्ग काढला. एकेकाला हेडफोन लावून बसवलं आणि म्हणाली, आता तुम्ही एकट्याने वाजवा. इथे भलतीच गंमत झाली. ज्यांनी ही चाल हजार वेळा वाजवली असेल, त्यांना एकट्याला ती वाजवताच येईना. ढोलवाला मध्येच थांबून जुळ्या भावाकडे बघायचा. भाऊंनी चार आवर्तनं वाजवली आणि हेडफोन काढून ठेवले. "समोर माणूस दिसल्याशिवाय हात चालत नाही गं," ते म्हणाले. नितेश तेवढा न थांबता वाजवून गेला, पण त्याने जे वाजवलं त्यात निम्मं नवीनच होतं. एकटा मोकळा सापडल्यावर त्याने सगळी कलाकारी दाखवून घेतली.

"हे तू रोज वाजवतोस?" जान्हवीने विचारलं.

"रोज थोडं वेगळं वाजवतो. तीच तर मजा आहे ना."

"मला रोजचं पाहिजे. मजा नंतर."

नितेश हसला, पण त्याला ते लागलं हे दिसत होतं.

जान्हवी जरा वेळ शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिली. मग आत आली आणि म्हणाली, "सगळ्यांनी आपापले मोबाइल काढा." प्रत्येकाचा मोबाइल तिने त्याच्या वाद्याला चिकटपट्टीने बांधला. ताशाला एक, ढोलाला एक, नितेशच्या स्टँडला एक, झांजवाल्याच्या तर शर्टाच्या खिशात. सगळ्यांत रेकॉर्डिंग सुरू केलं, मधोमध उभी राहून एक सणसणीत टाळी वाजवली आणि म्हणाली, "आता वाजवा नेहमीसारखं. एकमेकांकडे बघून." टाळी अशासाठी, की घरी गेल्यावर सगळी रेकॉर्डिंग त्या टाळीवर एकाखाली एक लावता येतील. ग्रुपने चाल वाजवली, आणि ती अशी काही जमून आली की शेवटी काशीमामाने स्वतःच शिट्टी मारली.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. ड्युटीवरून आली, चहा घेतला की जान्हवी कॉम्प्युटरसमोर. आधी लय मोजायची. यंत्रावर बनवलेल्या गाण्याची लय एकदा मोजली की पुरते, पण ही माणसांनी वाजवलेली चाल होती, आणि तीही पायऱ्या उतरणारी. प्रत्येक आवर्तनाला वेग निराळा. जान्हवी एकेक रेघ हाताने सरकवत बसली. ॲश्टन म्हणाला, "सगळं एका वेगात ताणून सरळ कर ना, कोण बघतंय?" ती म्हणाली, "सरळ केली तर पायऱ्या कुठे राहिल्या? लिफ्ट होईल तिची."

रेघा झाल्या, आता ठोकळे. पहिल्यांदा तिने चौघांचेही ठोके पट्टीवर ठेवून पाहिले. पडद्यावर रंगीत भिंत उभी राहिली. ती वाजवायला माणूस नव्हे, ऑक्टोपस लागला असता. मग तिने फक्त नितेशचा पॅड ठेवला. वाजवता आलं, सगळं बरोबर होतं, पण चालीतला जीव गेला. ती पायरीची चाल राहिलीच नव्हती, नितेशची चाल झाली होती.

नितेश स्वतः मात्र त्यावर खूश झाला. तो एका संध्याकाळी बघायला आला, काठ्या फिरवत ड्रम सेटवर बसला आणि म्हणाला, "लाव." गाणं सुरू झालं. आपलाच हात पडद्यावरून आपल्याच अंगावर येतोय हे त्याला झेपेना. लाल म्हणता पिवळ्यावर मारलं, पेडल राहूनच गेलं आणि पहिल्या घाईच्या आतच पडद्यावर खेळ संपल्याची पाटी आली. स्वयंपाकघराच्या दारातून वनमाला बघत होती. ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

"मेल्या, स्वतःचाच वाजवूक येणा नाय?"

"मावशी, हे खोटं आहे! मी असं वाजवत नाही."

"असंच वाजवतोस," जान्हवी म्हणाली आणि त्याच्या स्टँडवरचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. नितेशने मान वाकडी करून ऐकलं. मग पुन्हा सुरुवातीपासून खेळायला लागला. त्या दिवसापासून तो आठवड्यातून एकदा तरी यायचा, घावणे-चटणी खायचा आणि आपल्याच पॅडशी झुंज द्यायचा.

तरी मुख्य प्रश्न तसाच होता. चौघांतलं कुणाचं ठेवायचं? एका सुट्टीच्या सकाळी जान्हवी तेच रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून बसली होती आणि आई घावणे घालत होती. जान्हवीच्या लक्षात आलं, की आई कालथ्याने तव्याच्या कडेवर ठोके देतेय. आधी ढोलाबरोबर. मग कालथा ढोल सोडून पॅडवर गेला. घाई सुरू झाल्यावर ताशावर. पुन्हा ढोलावर. वनमालाला स्वतःला याचा पत्ताही नव्हता, ती पीठ ओतत होती.

"आई, तू हे कुणाबरोबर वाजवतेस?"

"खंय वाजवतंय? घावणे घालतंय."

"नाही, परत ऐक. आणि जिथे लक्ष जाईल तिथे ठोका दे."

वनमालाने गॅस बारीक केला. भावाची ही चाल ती लग्नाआधीपासून ऐकत आली होती. डोंगरावरच्या त्या खोलीत काशीराम ती बसवत होता तेव्हा ती शेजारी बसून मच्छी साफ करायची. तिचा कान कुठे, केव्हा, कुणाकडे वळतो हे जान्हवीने तीन वेळा ऐकून टिपलं. तिन्ही वेळा सारखंच. मग तिने चार्ट पुसला आणि आईच्या कानामागून चालत नव्याने केला. सुरुवातीला ढोल, खेळणाऱ्याच्या पायाशी. त्यावर पॅड. घाई सुरू झाली की हात ताशाकडे. ढोल परत आला की पाय पुन्हा जागा. प्रत्येक ठोका खरा होता, कुणीतरी वाजवलेला होता. फक्त वाजवणारा बदलत होता, जसं हळदीत नाचणाऱ्याचं लक्ष बदलतं. जान्हवीने तो खेळून बघितला आणि उठून आईच्या गळ्यात पडली. "जळतलो गो तो घावणो," वनमाला म्हणाली.

ॲश्टनने तो चार जणांना खेळायला दिला. आठवड्याने त्याचा फोन.

"झकास झालाय. फक्त एका जागी चौघंही पडतायत. शेवटची उडी येते ना, तिच्या ऐन आधी. काहीतरी राहिलंय तिथे."

"काही राहिलं नाहीये. त्यांना सवय नाही म्हणून पडतायत."

"चौघंही एकाच जागी?"

"ॲश्टन, मी ते शंभरदा ऐकलंय. तिथे काही नाही. नाही ते मी ठेवणार नाही."

ॲश्टनने वाद घातला नाही. केळूशी चार्टवरून वाद घालायचा नाही, हे तो शिकला होता.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी काशीमामाचा फोन आला. मुलुंडला संध्याकाळी हळद होती, ग्रुप निघायच्या तयारीत होता आणि नितेशच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. तारीख पुढच्या आठवड्यातली होती. नितेश हॉस्पिटलात होता. लग्नाचा मोठा मुहूर्त, मुंबईतला एकही पॅडवाला रिकामा नव्हता.

"नितेश म्हणता, माझो हात फक्त तुकाच पाठ आसा," मामा म्हणाला. "जमात तुका?"

"येते," जान्हवी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण आजवर चार माणसांसमोरसुद्धा वाजवलेलं नाही.

वनमालाच्या माहितीत बेंजोच्या गाडीवर बाई चढलेली नव्हती. पण ती एवढंच म्हणाली, "केस घट्ट बांध. घामान तोंडार येतले."

मुलुंडच्या त्या सोसायटीचं आवार दिव्यांच्या माळांनी भरलं होतं. नवऱ्या मुलाला हळद लावून झाली होती आणि बायका पिवळे हात घेऊन वाट बघत होत्या. ग्रुपमध्ये पॅडवर बाई बघून थोडी कुजबुज झाली. अंगात नितेशचा ग्रुपचा लाल सॅटिनचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि तरी सुटणाऱ्या. काशीमामाने वळून तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि सुरू झालं.

पहिली दोन-तीन गाणी सरावाची होती, सगळ्यांना माहीत असलेली. जान्हवीचे हात आपसूक चालले. पडदा नव्हता, ठोकळे नव्हते, पण तिला ते दिसत होते. समोर नवऱ्या मुलाची आत्या पदर खोचून नाचायला लागली आणि तिच्यामागे सगळ्या. जान्हवीला वाटलं, हे तर घरच्यापेक्षा सोपं आहे. मग काशीमामाने पायरीची चाल धरली.

रेकॉर्डिंगमध्ये शेवटची उडी कितव्या आवर्तनाला येते हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. ती त्या जागेवर आली आणि तिने उडी मारली. ग्रुपने मारली नाही. आत्याबाई अजून संथ लयीत मजेत होत्या, काशीमामा त्यांच्याकडे बघून चाल लांबवत होता. जान्हवी एकटीच पुढे पळाली. क्षणभर सगळं विसकटल्यासारखं झालं. ढोलवाल्याने डोळे मोठे केले. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही, कारण भाऊंनी ताशाचा एक सलग आवाज काढून ती फट बुजवली. जान्हवीने हात परत लयीत आणले आणि पहिल्यांदाच मान वर करून माणसांकडे पाहिलं.

भाऊ तिच्या डाव्या हाताला होते. त्यांनी तिच्याकडे न बघता हनुवटीने स्वतःच्या कोपराकडे खूण केली. जान्हवी त्या कोपरावर नजर लावून वाजवत राहिली. काशीमामाने बेंजोवरून मान उचलली, आणि त्याबरोबर भाऊंचं कोपर किंचित वर गेलं आणि ताशावर दोन ठोके पडले. अगदी हलके, काठाजवळ. लगेच सगळा ग्रुप उडाला. यावेळी जान्हवीही बरोबर उडाली. पिवळे हात वर गेले, कुणीतरी किंचाळलं, आत्याबाईंचा अंबाडा सुटला. काशीमामाने ती चाल तिथून पुढे आणखी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा जान्हवी त्या दोन ठोक्यांवर स्वार होऊन गेली. तिला हसू आवरत नव्हतं.

सामान गाडीत चढवताना ती भाऊंना म्हणाली, "ते दोन ठोके तुम्ही नेहमी देता?"

"नेहमीच. नाहीतर कळणार कसं, की आता निघायचंय?"

"रेकॉर्डिंगमध्ये पण?"

"मला काय माहीत बाय? दिले असणार."

तिचा मोबाइल वाजला. नितेश होता. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "उडी जमली का?"

"दुसऱ्या खेपेला," जान्हवी म्हणाली. "अभिनंदन रे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भाऊंच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बाकी सगळं बंद करून लावलं. होते. दोन्ही ठोके स्वच्छ होते, पण ती जागा तिने कायम सगळ्यांची रेकॉर्डिंग एकत्र लावूनच ऐकली होती, आणि तेव्हा बेंजोच्या तारेचा लांब सूर नेमका त्यांच्यावर पडून ते बुडून जात होते. तिने ते पट्टीवर ठेवले, दोन लाल ठोकळे, आणि ॲश्टनला फोन लावला.

"तुझे चौघं पडत होते ते बरोबर पडत होते. चूक माझी होती."

"परत बोल. मी रेकॉर्ड करतो."

"गप रे. नवीन फाइल पाठवलीय, ती घे."

संच बाहेर पडला तेव्हा त्यात खारोडीच्या लग्नातला ब्रास बँड होता, वांद्र्याच्या पोरांच्या एका बँडचं धांगडधिंगा गाणं होतं, पण लोक पुन्हा पुन्हा खेळले ती पायरीची चाल. फिनलंडच्या त्याच माणसाने लिहिलं, की शेवटच्या उडीच्या आधीचे दोन ठोके आले की त्याच्या पाठीतून वीज जाते. ब्राझीलच्या एका मुलीने विचारलं, या ड्रमरला हात किती आहेत? जान्हवीने उत्तर दिलं : आठ. काशीमामाला तिने या सगळ्या प्रतिक्रिया मराठीत करून वाचून दाखवल्या. तो ऐकत होता आणि मध्ये मध्ये म्हणत होता, "परत वाच गो ता." भाऊंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, की फिनलंडात हळद असते का.

नितेश बाळंतिणीच्या गडबडीत होता, तरी एकदा येऊन अख्खी चाल न पडता खेळून गेला. जाताना म्हणाला, "मामा म्हणतायत, दोन पॅड ठेवू. मोठ्या ऑर्डरला तू पण ये. मला चालेल."

"तुला चालेल म्हणजे काय? मी येणारच आहे," जान्हवी म्हणाली. "ज्या रविवारी ड्युटी नाही त्या रविवारी."

काशीमामाने ग्रुपच्या शर्टाचं सॅटिनचं कापड आणून दिलं. जान्हवी ते घेऊन शिंप्याकडे गेली. तो टेप घेऊन पुढे आला आणि म्हणाला, हात खाली सोडून सरळ उभ्या राहा. जान्हवीने हात खाली सोडले नाहीत. दोन्ही कोपरं वर उचलून, मुठीत काठ्या असाव्यात तशी ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माप असं घ्या. मला यात वाजवायचंय."